पदवीच्या झग्याचं कापड : प्रश्न वाचकांचे

पदवीदानाचे झगे, पाठीवरचे हुड आणि चौकोनी टोप्या यांच्या कापडाविषयी बरीच पत्रं साचली होती. झगा शिवणारे, घालणारे आणि कपाटांत सांभाळणारे अशा तिघांचेही प्रश्न त्यांत आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : झगे सरसकट पॉलिस्टरचेच का असतात? तासाभरात पाठ ओली होते. स्वतःसाठी सुती झगा शिवून घेतला तर चालेल का?

उत्तर : पॉलिस्टर सोयीचं आहे ते झगा सांभाळणाऱ्याला, घालणाऱ्याला नाही. धुतलं की लगेच वाळतं, आटत नाही, कसर लागत नाही आणि काळा रंग पुष्कळ धुण्यांनंतरही काळाच राहतो. पण त्याचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही. नेहमीच्या हवेत पॉलिस्टर आपल्या वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के ओलावा धरतं. सूत ८ टक्क्यांच्या आसपास धरतं, व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा) ११ ते १३ आणि लोकर १६ च्या आसपास. घामाला शोषून घेणारं कोणी नसलं की तो आतल्या शर्टावरच साचतो. झग्याचा घेर मोठा आणि बाह्या रुंद असल्यामुळे खाली हवा खेळते. पण दुहेरी योक (खांद्यांवरची जोडपट्टी) आणि त्यावर हुड असे खांद्यांवर चार-पाच थर होतात, आणि घामाची सुरुवात तिथूनच होते.

सुती पॉपलिनचा झगा चालतो. फक्त दोन गोष्टींची तयारी ठेवा. खुर्चीत अर्धा तास बसलात की मागचा भाग चुरगळणार, आणि काळं सुती कापड धुण्यागणिक राखाडी होत जाणार. आम्ही सुचवू ते ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के व्हिस्कोज असं मिश्र कापड, साध्या किंवा पनामा (दोन-दोन धागे जोडीनं विणलेल्या) विणीचं, १८० ते २२० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचं. १०० जीएसएमच्या आसपासचं कापड वाऱ्यावर फुगतं आणि पायांना चिकटतं. ३०० च्या पुढचं खांदे ओढतं. मध्यम उंचीच्या माणसाला १५० सेंमी पन्ह्याचं ४ ते ४.५ मीटर कापड लागतं, ११२ सेंमी पन्ह्याचं ५.५ ते ६ मीटर. अंगाला अस्तर लावू नका. योकला तेवढं सुती अस्तर पुरे.

अर्थात, आयुष्यात एकदाच, तेही दोन तास झगा घालायचा असेल तर हा खटाटोप कशाला? मिळेल तो पॉलिस्टरचा झगा घ्या आणि आत सुती शर्ट घाला. दरवर्षी मिरवणुकीत चालणाऱ्या प्राध्यापकांची गोष्ट वेगळी. त्यांनी तलम वर्स्टेड (लांब तंतू विंचरून कातलेल्या) लोकरीचा, २०० ते २५० जीएसएमचा विचार जरूर करावा. लोकर म्हटल्यावर उकाडाच डोळ्यांसमोर येतो, पण विरळ विणीचं तलम लोकरी कापड बंद दालनात पॉलिस्टरपेक्षा कितीतरी सुसह्य असतं.

प्रश्न : केंब्रिजच्या वेशनियमांत बीएच्या झग्यासाठी ‘स्टफ’ असा शब्द वाचला. हे नेमकं कोणतं कापड?

उत्तर : ‘स्टफ’ हे एका कापडाचं नाव नाही. शैक्षणिक वेशाच्या भाषेत रेशमी नसलेलं साधं कापड म्हणजे स्टफ. मूळ अर्थ वर्स्टेड लोकरीचा. आज पॉलिस्टर-व्हिस्कोजही त्यात धरतात. केंब्रिजचा बीएचा झगा काळ्या स्टफचा असतो, एमएचा स्टफचा किंवा रेशमाचा. जुन्या झग्यांत ‘रसेल कॉर्ड’ही सापडतं. ते सूत आणि लोकर यांचं बारीक उठावाच्या रेघांचं कापड. दणकट असतं आणि चुण्या छान धरतं.

प्रश्न : विक्रेता ‘सिल्क फिनिश’ म्हणतो. कापड नेमकं कशाचं आहे, हे घरी कसं ओळखायचं?

उत्तर : ‘फिनिश’ हा शब्द आला की रेशीम नाही, असंच धरून चाला. खात्रीसाठी शिवणीच्या आतल्या मायेतून (शिवणीपलीकडे सोडलेल्या जादा कापडातून) दोन सेंमीचे दहा-बारा धागे काढा, चिमट्यात धरा आणि धातूच्या ताटलीवर पेटवा. पाण्याची वाटी शेजारी असू द्या.

रेशीम आणि लोकर यांना जळक्या केसांचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती बहुधा आपणच विझतात आणि राख बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळून काळसर धूर सोडतं आणि मागे कडक मणी ठेवतं. सूत आणि व्हिस्कोज कागदासारखी जळतात. असिटेट (रेशमासारखा चमकणारा कृत्रिम धागा) वितळतं, जळतं आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. पॉलिस्टर-व्हिस्कोजमध्ये कागदी वास आणि कडक मणी दोन्ही मिळतात. गोंधळून जाऊ नका, ती मिश्रणाचीच खूण आहे. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळून पाहा, कारण ताणा एका धाग्याचा आणि बाणा दुसऱ्याचा असं पुष्कळदा असतं.

असिटेटची आणखी एक परीक्षा आहे. नेलपॉलिश काढायच्या द्रवात असिटोन असेल तर त्याच्या थेंबानं असिटेट चिकट होऊन विरघळतं. पॉलिस्टरला काही होत नाही. म्हणूनच असिटेटचा झगा किंवा असिटेटचं अस्तर असलेला हुड घालून समारंभाच्या सकाळी नखं साफ करू नयेत.

प्रश्न : मी शिवणकाम करतो. लोकरी झग्याच्या पाठीवर ज्या उभ्या, गोलसर चुण्या दिसतात तशा पॉलिस्टरमध्ये घातल्या, तर त्या दोन दिवसांत बसल्या. कुठे चुकलं?

उत्तर : हातात चूक नाही, जाडीत आहे. हिशोब करून पाहा. पाठीच्या पट्टीची रुंदी १५० सेंमी आणि योक ४० सेंमी. चुणीसाठी ६ मिमी वर, ६ मिमी खाली असा धावदोरा घातला की एका चुणीत १२ मिमी कापड जातं. १५० सेंमीच्या झाल्या १२५ चुण्या. त्या ४० सेंमीत बसवल्या की प्रत्येक चुणीला ३.२ मिमी जागा मिळते. लोकरीची जाडी ०.७ मिमी धरली तर चुणीतले दोन थर १.४ मिमी झाले. उरलेली जागा वळणाची गोलाई भरून काढते आणि चुण्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात. पातळ पॉलिस्टरची जाडी ०.२ मिमी. दोन थरांचे झाले ०.४ मिमी. बाकी सगळी पोकळी, मग चुणी आडवी पडणारच.

उपाय दोन. पहिला म्हणजे चुण्या वाढवणं : पाठीला आणखी एक पट्टी जोडून कापड २२० सेंमीपर्यंत न्या. कापड जास्त लागतं आणि घेर उगाच फुगतो, म्हणून आम्हाला दुसरा उपाय पसंत आहे. पट्टीचा वरचा काठ ५ सेंमी आत दुमडा आणि त्या दुमडीत तेवढ्याच रुंदीची सुती फ्लॅनेलची पट्टी घाला. एक मिमी जाडीच्या फ्लॅनेलनं चुणीतली २ मिमी पोकळी भरते. दुमडीमुळे वरच्या कापडाचे थरही दुप्पट होतात, म्हणजे ०.८ मिमी. एकूण २.८ मिमी, ३.२ च्या अगदी जवळ.

धावदोऱ्याच्या तीन ओळी घाला, एकमेकींपासून १ सेंमीवर. तिन्ही ओळींतले टाके एकाखाली एक आलेच पाहिजेत. इथे एक मिलिमीटरचाही फरक चालत नाही, नाहीतर चुणी तिरकी होते. ठिपके खडूनं आखून घ्या, अंदाजानं घालू नका. दोरा जाड आणि मेणवलेला हवा. तिन्ही दोरे एकदम ओढा आणि प्रत्येक चुणीचं टोक योकला हातानं दोन-दोन टाक्यांत पकडा. यंत्राची टीप मारलीत की चुण्या चेपल्या जातात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

प्रश्न : टॅफेटाच्या (पातळ, कडक, चमकदार कापडाच्या) झग्यात चेनजवळ आणि बाह्यांच्या शिवणीवर सुरकुत्या पडतात. इस्त्रीनं जात नाहीत.

उत्तर : जाणारही नाहीत, कारण त्या टीपेतच अडकल्या आहेत. दाट विणीच्या पातळ कापडात जाड सुई आणि जाड दोरा घुसला की शेजारच्या धाग्यांना सरकायला जागा उरत नाही. ७० नंबरची बारीक टोकाची सुई, पातळ पॉलिस्टर दोरा, टाका २.५ ते ३ मिमी आणि वरच्या-खालच्या दोऱ्याचा ताण सैल, एवढं करा. शिवताना कापड पुढून-मागून हलकं ताणून धरा. चेनची पट्टी सुती असेल तर ती आधी भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात पट्टी आटते, कापड आटत नाही आणि सगळा पुढा लाटालाटांचा होतो.

प्रश्न : डॉक्टरेटच्या झग्याला मखमल लावायची आहे. पुढच्या पट्ट्या आणि बाहीवरचे पट्टे एकाच ताग्यातले असून रंग वेगळा दिसतो. शिवाय शिवताना मखमल सरकते.

उत्तर : पुढच्या दोन्ही काठांना मखमली पट्टी आणि प्रत्येक बाहीवर तीन आडवे पट्टे ही अमेरिकी डॉक्टरेटच्या झग्याची ओळख. तिथे १८९५ साली वेशाची एकसारखी संहिता ठरली, तिच्या परंपरेतली. मखमल काळी असते किंवा विद्याशाखेच्या रंगाची. हुडच्या काठाच्या मखमलीची रुंदीही पदवीप्रमाणे ठरलेली आहे : बॅचलरला २ इंच, मास्टरला ३, डॉक्टरला ५.

रंगाचा गोंधळ लवेमुळे होतो. मखमलीवरून हात फिरवा. एका दिशेनं मऊ लागते ती लवेची दिशा. लव खाली वळलेली असली की प्रकाश तिच्यावरून घसरतो आणि रंग फिका, चकचकीत दिसतो. लव वर असली की प्रकाश आत शिरतो आणि रंग गडद दिसतो. तुम्ही पुढच्या पट्ट्या ताग्याच्या लांबीत कापल्या असणार आणि बाहीचे पट्टे कापड वाचवायला तसेच लांबीत कापून आडवे लावले असणार. मग तिथली लव खाली न जाता कडेला गेली. बाहीचे पट्टे ताग्याच्या रुंदीत कापा, म्हणजे झग्यावर बसल्यावर सगळीकडची लव एकाच दिशेला येईल. कापण्याआधी मखमलीच्या उलट बाजूला प्रत्येक तुकड्यावर खडूचा बाण काढा. लव वर ठेवावी की खाली? गडद रंग हवा तर वर. झगा वारंवार वापरात असेल तर खाली. तशी लव कमी झिजते आणि धूळही कमी धरते.

विणलेल्या पाठीचीच मखमल घ्या. होजियरीच्या पाठीची ताणते आणि वर्षभरात खालचा काठ वेलांट्या घेतो. सरकण्याचं कारण म्हणजे शिवताना लव कापडाला पुढे ढकलते. त्यासाठी शिवणीच्या मायेत कच्च्या धाग्याच्या दोन समांतर ओळी घाला, एक पुरत नाही. दाबपट्टीचा दाब कमी करा, ‘वॉकिंग फूट’ (वरचं कापडही खालच्याबरोबर सरकवणारी दाबपट्टी) असेल तर तोच लावा, टाका ३ मिमी ठेवा आणि लवेच्याच दिशेनं शिवा. मखमलीतून टाचण्या आरपार घालून रात्रभर ठेवू नका, खुणा राहतात.

इस्त्री मखमलीला लावायचीच नाही. टांगून उलट बाजूनं, १० ते १५ सेंमी अंतरावरून वाफ द्या आणि मऊ ब्रशनं लव उठवा. व्हिस्कोजच्या मखमलीवर वाफेचा थेंब पडला तर डाग कायमचा, म्हणून वाफेचं यंत्र आधी जुन्या कापडावर चालवून नळीतलं पाणी काढून टाका.

आणखी एक. मरून किंवा लाल मखमल फिकट साटनच्या अस्तराला लागणार असेल तर ओल्या पांढऱ्या सुती फडक्यानं ती दहा वेळा घासून पाहा. फडकं रंगलं, तर समारंभात पावसाचे चार थेंबही अस्तराला महागात पडतील.

प्रश्न : हुड सारखा मागे घसरतो आणि पुढची पट्टी गळ्याला आवळते. पिना लावूनही तेच.

उत्तर : हुडचं सगळं वजन पाठीवर, आणि झगा व हुडचं अस्तर दोन्ही गुळगुळीत. घसरणार नाही तर काय? खांद्यावर टेकणाऱ्या भागात, आतल्या बाजूनं, ४ सेंमी रुंद आणि १२ सेंमी लांब अशी सुती मखमलीची किंवा फेल्टची पट्टी शिवा. घसरण बरीचशी तिथेच थांबते. उरलेली थांबवायला पुढच्या टोकाला गोल दोऱ्याचं काज शिवा आणि ते शर्टाच्या वरून तिसऱ्या बटणात अडकवा. पहिल्या बटणाला अडकवलं तर गळाच आवळतो. सेफ्टी पिन साटनला भोकं पाडते. लावायचीच झाली तर खांद्याच्या शिवणीतून लावा.

अस्तराविषयीही दोन-तीन पत्रं आहेत. हुडच्या बाहेरच्या बाजूला उठावाच्या आडव्या रेघांचं ऑटोमन छान दिसतं, कारण ते स्वतःच उभं राहतं आणि बुकरम फारसं लागत नाही. मात्र रेघा दोन्ही बाजूंना एका पातळीत जुळवाव्या लागतात, म्हणून १५ ते २० सेंमी कापड जास्त घ्या. पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेलं म्वारे अस्तराला घेणार असाल तर ते कशाचं आहे ते आधी पाहा. पॉलिस्टर आणि असिटेटवर ही नक्षी उष्णतेनं पक्की बसलेली असते. रेशीम आणि व्हिस्कोजवर ती नुसत्या दाबाची असते आणि वाफ लागली की पुसली जाते. केंब्रिजच्या बीएच्या हुडला पांढऱ्या फरची किनार असते, हल्ली कृत्रिम. ती फर ॲक्रिलिकची असेल तर गरम हवेचा ड्रायर जवळ आणू नका. केस आखडून लोकरीच्या गुंत्यासारखे होतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत.

प्रश्न : झगा पाकिटातून काढला तेव्हा घड्यांच्या चौकटी उमटल्या होत्या. समारंभ उद्या आहे.

उत्तर : गरम पाण्याच्या वाफेनं भरलेल्या न्हाणीघरात रात्रभर टांगण्याचा सल्ला सगळे देतात. त्यानं लोकर सुधारते, पॉलिस्टर फारसं नाही. पॉलिस्टरची घडी मोडायला ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते, तेव्हाच धागा सैल पडतो. आतल्या बाजूनं, ओलसर सुती फडकं मध्ये ठेवून, एक किंवा दोन ठिपक्यांवर (११० किंवा १५० अंश) इस्त्री फिरवा आणि तो भाग पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नका. गरम असतानाच उचललात तर नवी सुरकुती तितकीच पक्की बसते. तीन ठिपक्यांवर (२०० अंश) काळं पॉलिस्टर चकाकायला लागतं आणि ती चमक मग जात नाही.

प्रश्न : आमच्याकडे तीनशे झगे आहेत, त्यांत चाळीस जुने लोकरी. पावसाळ्यानंतर लोकरीला भोकं दिसतात.

उत्तर : कसर. भोकं पाडते ती अळी, उडणारा पतंग नाही. पतंग दिसेपर्यंत काम होऊन गेलेलं असतं. अळीला नुसती लोकर पुरत नाही, घाम आणि तेलकटपणा लागलेली लोकर हवी असते. म्हणून भोकं बगलेत आणि गळ्याशी आधी पडतात. समारंभानंतर लोकरी झगे न धुता ठेवले जातात, मुळात चूक तिथे आहे. आधी ड्रायक्लीन करा, मग सुती पिशवीत ठेवा. लागण झालेले झगे प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर कापडावर दव धरतं. डांबराच्या गोळ्यांचा वास झग्यांतून पुढच्या समारंभापर्यंत जात नाही. आम्ही त्या सुचवत नाही.

पॉलिस्टरचे झगे ४० अंशांवर, चेन लावून, उलटे करून धुवा. कापडाचा मऊपणा वाढवणारा द्रव प्रत्येक वेळी घालू नका. त्याचा थर साचतो आणि घामाचा वास त्यात अडकतो. स्थिर विजेनं झगे पायांना चिकटत असतील तर शेवटच्या एकाच खळबळीत तो थोडा घाला. झगे लाकडी, रुंद खांद्यांच्या हँगरवर टांगा. तारेचे हँगर योकमध्ये टोकं काढतात.

प्रश्न : वडिलांचा काळा झगा हिरवट पडला आहे. घरी रंगवता येईल का?

उत्तर : काळा रंग दोन-तीन रंगद्रव्यांचा मिळून झालेला असतो. उजेडानं त्यांतलं एक आधी उडतं, उरलेली हिरवट किंवा तपकिरी दिसतात. झगा लोकरी असेल तर ॲसिड डायनं (आंबट पाण्यात लोकरीवर चढणाऱ्या रंगानं) पुन्हा रंगवता येतो, पण पाणी थंडपासून हळूहळू तापवत न्यावं लागतं आणि तसंच हळूहळू निववावं लागतं. एकदम गरम-थंड केलं किंवा खूप ढवळलं तर लोकर नमद्यासारखी आटते. पॉलिस्टरच्या रंगाला दाबाखाली १३० अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून घरच्या भांड्यात गडद काळा मिळत नाही. अडचण दोऱ्याचीही आहे : शिवण पॉलिस्टर दोऱ्याची असली तर झगा काळा होईल आणि टीपा जुन्याच रंगाच्या राहतील. झगा हळव्या आठवणीचा असेल तर माहीतगार रंगाऱ्याकडे द्या.

प्रश्न : टोपीचा गोंडा विस्कटून पिंजल्यासारखा झाला आहे.

उत्तर : गोंडे बहुधा रेयॉनचे, म्हणजे व्हिस्कोजचे असतात. वरून दोरीनं टांगा, ३० सेंमीवरून वाफ द्या आणि ओलसर असतानाच बोटांनी सरळ ओढून कागदाच्या पट्टीत गुंडाळा. सकाळपर्यंत बसेल. पाण्यात बुडवू नका. ओल्या रेयॉनची ताकद निम्म्यावर येते आणि ओढताना धागे तुटतात. टोपीची चौकट पुठ्ठ्याची असेल तर पावसात ती छत्रीखालीच असू द्या. एकदा भिजून वाकलेला पुठ्ठा वजनाखाली ठेवून सपाट होतो, पण टोकं मऊच राहतात. ती आतून पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्यानं बदलून घ्यावी लागतात.